कृपया टाळ्या वाजवू नका

कोथिंबीर वडीची कृती मी पहिल्यांदा नीट ऐकली ती मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉलमध्ये. कृती सांगणाऱ्या बाईंना त्या वेळी तीन-चारशे माणसं शिव्या देत होती. बाई कुस्तीच्या रिंगमध्ये उभ्या होत्या. नाकात नथ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि अंगावर दुरून पैठणी वाटेल अशी जांभळी नायलॉनची साडी. नायलॉनची, कारण लोक सोडा फेकतात आणि नायलॉन मशीनमध्ये धुता येतं. डाव्या हातात पर्स होती, उजव्या हातात माइक.

"कोथिंबीर धुऊन घ्या," त्या मराठीत ओरडल्या आणि पहिल्या रांगेतल्या एका जाडजूड माणसावर त्यांनी बोट रोखलं. "धुतल्यावर कोरडी करा. ओली घेतलीत तर पीठ सैल होतं. मग मला विचारायला येऊ नका."

माणूस उठला आणि त्याने हातातला कागदी पेला भिरकावला. त्याच वेळी समालोचक टीव्हीच्या प्रेक्षकांना सांगत होता की महाराणी आत्ता अमेरिकेच्या सर्वनाशाबद्दल बोलत आहेत.

या महाराणी म्हणजे माझ्या घरमालकीण. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी श्रूजबरीत त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. त्या मूळच्या नागपूरच्या, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही म्हणे. काका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. ते माणसांना झोपवत, काकू शनिवारी सकाळी टीव्हीवरून त्यांना उठवत. काका त्यांचा प्रत्येक कार्यक्रम टेप करून ठेवत आणि टेपवर 'सत्यनारायण १', 'सत्यनारायण २' अशी लेबलं लावत. पाहुणे ती टेप लावा म्हणून कधीच सांगत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

मी जवळच्या एका छोट्या दैनिकाच्या क्रीडा विभागात नोकरीला होते. शाळांच्या बास्केटबॉलचे आणि बोलिंग लीगचे निकाल फोनवर उतरवून घेणं हे माझं काम. कुस्तीचे निकाल आम्ही छापत नव्हतो. आमचे क्रीडा संपादक म्हणत, "ज्याचा निकाल आधीच ठरलेला असतो, त्याला निकाल म्हणत नाहीत." काकूंना हे फार लागे. "तुझ्या त्या बोलिंगला काळं कुत्रं तरी जातं का बघायला?" त्या मला विचारत.

या कुस्तीत बाई मॅनेजरचं काम काय असतं, हे काकूंनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. पैलवान लढतो, मॅनेजर लोकांना चिडवते. पैलवानाला बोलता येत नसेल तर त्याच्या वतीने बोलते. पंचाचं लक्ष दुसरीकडे वळवते. पंचाची पाठ वळली की पर्सने मारते. शेवटी हीरोला घाबरून पळते, पळताना एकदा तरी पडते, आणि लोक समाधानाने घरी जातात. "सोपं नाही बाप्पा," काकू म्हणाल्या. "दोन पैलवान पडले तर लोक बघतात. मी पडले तर उभे राहतात."

त्यांच्या पर्समध्ये वीट आहे असं समालोचक दर आठवड्याला सांगे. आत फोमचा तुकडा आणि वेलदोड्यांची डबी असायची. पर्स पाठीवर टेकण्याच्या क्षणी काकू रिंगच्या फळीवर टाच आपटत. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत जाई.

त्यांचा पैलवान 'महाराजा' हा एका बेकरीत काम करणारा पोर्तुगीज गृहस्थ होता. त्याने तोंड उघडलं असतं तर तो जवळच्याच गिरणीगावातला आहे हे पहिल्या वाक्याला कळलं असतं, म्हणून त्याला मुकं ठेवलेलं होतं. तो दर शुक्रवारी काकूंना ताजा पाव आणून देई. 'पाव' हा एक शब्द दोघांच्या भाषांत सारखा होता, आणि तेवढ्यावर त्यांचं तीन वर्षं उत्तम चाललं.

काकू या धंद्यात आल्या त्या एका आरामखुर्चीमुळे. काकांसाठी त्यांनी जुन्या फर्निचरच्या दुकानातून खुर्ची आणली. तिचा खटका अडकला आणि काका एक अख्खी दुपार पाय वर करून बसून राहिले. काकू खुर्ची परत करायला गेल्या. त्यांचं इंग्रजी 'धिस इज नॉट राइट'पाशी संपलं, तेव्हा त्या मराठीत सुरू झाल्या आणि चार मिनिटं बोलल्या. दुकानदार मागे सरकत सरकत कपाटाला टेकला. ही हकीकत मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली आहे. चार मिनिटं या आकड्यावर दोघांचं एकमत आहे. बोलणं थांबल्यावर दुकानदार म्हणाला, "शनिवारी मोकळ्या आहात का?" तो फावल्या वेळात कुस्त्यांचा प्रमोटर होता आणि नव्या महाराजासाठी आवाज शोधत होता.

पहिल्या शनिवारी माइक हातात आल्यावर काय बोलावं ते काकूंना सुचेना, म्हणून त्यांनी कोथिंबीर वडी सांगितली. पुढच्या आठवड्यात आळूचं फदफदं. महिनाभरात आसपासच्या मराठी घरांत शनिवारी सकाळी बायका वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसू लागल्या. मग काकूंना माइकचे इतर उपयोग सुचले. एकदा त्या दोरखंडावर चढून गरजल्या, "गणपतीत माझ्याकडून नेलेलं पुरणयंत्र अजून परत आलेलं नाही. मी नाव घेत नाही. निळी व्हॅन असलेल्यांनी समजून घ्यावं." हॉल संतापाने पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणयंत्र घासूनपुसून दारात ठेवलेलं होतं.

धंद्याचा एक नियम काकूंनी सोवळ्यासारखा पाळला. जिला लोक दुष्ट मानतात, तिने लोकांसमोर चांगलं वागायचं नाही, रिंगबाहेरही नाही. घरापासून पाच मैलांच्या आत त्या हसत नसत. सुपरमार्केटमध्ये कोणी ओळखलं तर त्याची ट्रॉली ढकलून पुढे जात. मुलं सही मागायला आली की वही हिसकावून तीत देवनागरीत 'अभ्यास कर' असं लिहीत आणि ती जमिनीवर टाकून देत. मुलं वही उचलून आनंदाने पळत. हीरो 'कॅप्टन' आणि खलनायक महाराजा एकत्र दिसलेले तर मुळीच चालत नसे. त्यामुळे दोघं काकूंच्या स्वयंपाकघरात पडदे ओढून वड्या खात. कॅप्टन दिवसा शाळेची बस चालवायचा आणि ती पिवळी बस शेजारच्या गल्लीत लावून यायचा. त्या गल्लीत शाळेत जाणारं एकही मूल नव्हतं. शेजाऱ्यांना याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही.

एका मंगळवारी प्रमोटर घरी आला आणि चहा नको म्हणाला. काकूंना तिथेच कळलं. टीव्हीवाल्यांना तरुण मॅनेजर हवी होती. टेनेसीची एक बावीस वर्षांची मुलगी मिळाली होती. ती फारसं बोलत नसे, पण उंच टाचा घालून रिंगच्या कडेवरून चालायची. काकूंना निरोप देण्यासाठी अटीची कुस्ती ठरली. महाराजा हरला तर महाराणींनी न्यू इंग्लंड कायमचं सोडायचं. आठव्या मिनिटाला तो हरणार हेही ठरलं. त्या शनिवारी समालोचकाने अट टीव्हीवर जाहीर केली.

त्या संध्याकाळी मी वर गेले तेव्हा काकूंनी डायनिंग टेबलावर न्यू जर्सीच्या घरांची माहितीपत्रकं पसरली होती.

"आयसेलिनला जाऊ म्हणते," त्या म्हणाल्या. "तिथे आता आपली दोन-चार दुकानं झालीत म्हणे."

"माझं हॉस्पिटल इथे आहे," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"आयसेलिनला लोकांना झोपवावं लागत नाही का?"

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. मी म्हणाले, "काकू, ती रिंगमधली अट आहे. घर कशाला सोडायचं?"

"जाहीर झालंय गं. उद्या लोकांनी मला इथे दुधी घेताना बघितलं तर काय म्हणतील? सगळं खोटं होतं म्हणतील." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या पेपरात खोटं छापून आलं तर काय करता?"

"दुरुस्ती छापतो."

"आमच्यात दुरुस्ती नसते."

त्यांनी माहितीपत्रकं गोळा केली. "म्हातारी झाले म्हणून काढलं असतं तर मुकाट्याने घरी बसले असते," त्या म्हणाल्या. "पण मी म्हातारी झाले हे लोकांना कुठे कळलंय? परवासुद्धा एकाने अंडं मारलं."

अट मराठी मंडळानेही टीव्हीवर ऐकली होती. त्यांनी तिचा अर्थ लावला की काकू निवृत्त होताहेत. निवृत्त होणाऱ्या माणसाचं आपल्याकडे काय करतात हे सर्वांना ठाऊक होतं. मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे सिव्हिल इंजिनिअर होते. 'दोन शब्द बोलतो' असं म्हटल्याशिवाय ते मीठसुद्धा मागत नसत. त्यांचा मला ऑफिसात फोन आला. "तुम्ही पेपरवाल्या, जरा एवढं मानपत्र तपासून द्या." मी दोन चुका दुरुस्त करून मानपत्र परत पाठवलं. सत्कार कोणाचा, कशासाठी, किती वाजता, सगळं विचारलं. कुठे, ते विचारलं नाही. मंडळाचे सगळे सत्कार चर्चच्या तळघरात होत, म्हणून मी ते गृहीत धरलं. बातमीदाराने गृहीत धरू नये, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी हॉलवर पोचले तेव्हा पहिल्या दोन रांगांत मंडळाची चाळीस माणसं बसली होती. बायका ठेवणीतल्या साड्यांत होत्या आणि थर्मास फिरत होते. अध्यक्षांच्या मांडीवर शाल होती आणि शालीवर शेंडीचा नारळ. सोललेला चालत नाही म्हणून ते शेंडीच्या नारळासाठी बॉस्टनपर्यंत गेले होते.

त्यांची बारा वर्षांची मुलगी त्यांना समजावत होती, "बाबा, यू कान्ट क्लॅप फॉर हर. शी इज द बॅड गाय."

"तसं म्हणू नये," अध्यक्ष म्हणाले. "त्यांनी समाजासाठी खूप केलंय."

ठरल्याप्रमाणे पंचाने आधी काकूंची पर्स काढून घेतली. मग काकूंनी माइक घेतला. त्यांनी तोंड उघडण्याआधीच पहिल्या दोन रांगा उभ्या राहिल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागचे लोक शिव्या देता देता थांबले. इतक्या नीटनेटक्या बायका जिच्यासाठी उभ्या राहतात, ती कोणाची तरी आई असणार, असा विचार त्यांच्या चेहऱ्यांवर सरळ वाचता येत होता. दुष्ट बाईला टाळ्या म्हणजे तिचा धंदा संपला. इथून वाईट म्हणून हाकललं जाणं काकूंनी कसंबसं पचवलं होतं. चांगली बाई म्हणून निरोप घेणं म्हणजे तीन वर्षांचं काम पाण्यात.

त्यांनी चेहरा होता त्याहून उग्र केला आणि माइकवर मराठीत म्हणाल्या, "टाळ्या बंद करा. पोटावर पाय आणता का माझ्या? शिव्या द्या. येत नसतील तर नुसतं बू म्हणा. आणि अध्यक्ष, तुम्ही खाली बसा."

"विनय बघा किती आहे," माझ्या मागच्या बाई म्हणाल्या, आणि टाळ्या वाढल्या.

अध्यक्ष तोवर रिंगपाशी पोचले होते. रखवालदार म्हणजे प्रमोटरचा मेहुणा. माणसाने सूट घातला आहे आणि हातात फळ आहे, तेव्हा हे ठरलेल्यातलंच असणार असं समजून त्याने अध्यक्षांना वर चढायला मदत केली. अध्यक्ष म्हणाले, "दोन शब्द बोलतो," आणि माइकविना सुमारे दोनशे बोलले. मग त्यांनी काकूंच्या खांद्यांवर शाल घातली आणि नारळ हातात दिला. वयस्कर बाईला कोणी शाल पांघरतंय हे पाहून मागचे अमेरिकनही चाचरत टाळ्या वाजवू लागले. सकाळी अंडं घेऊन आलेला एक माणूस ते खिशात परत ठेवताना मी पाहिला.

काकूंनी शाल खांद्यावरून काढली. खाली वाकल्या आणि त्या शालीने महाराजाच्या टोकदार मोजड्या पुसल्या. आधी डावी, मग उजवी.

पहिल्या दोन रांगांतून 'अगं बाई' असा एकच आवाज आला. बाकीचा हॉल गर्जना करून उठला. अंडं बाहेर आलं. अध्यक्ष खाली उतरले तेव्हा त्यांचे हात अजून शाल घालण्याच्या स्थितीत होते.

घंटा झाली. कुस्ती ठरल्याप्रमाणे चालली. सातव्या मिनिटानंतर कॅप्टनने महाराजाला खाली घेतलं. आता काकूंनी कडेवर चढून पंचाला बोलण्यात गुंतवायचं, पर्ससाठी हात घालायचा, पर्स नाही म्हणून रडायचं, आणि महाराजाने चीत व्हायचं. काकू चढल्या. पंचाला त्यांनी काहीतरी सांगितलं आणि त्याची पाठ वळवली. पर्स नव्हती. नारळ मात्र कोणी काढून घेतला नव्हता, कारण नारळ ठरलेल्यात नव्हता.

त्यांनी तो शेंडीला धरला, टाच फळीवर आपटली आणि कॅप्टनच्या खांद्यावर घातला.

कॅप्टन पालथा पडला. त्याला काय झालं हे महाराजाच्या लक्षात यायला दोन सेकंद गेले. मग त्याने कॅप्टनला उताणं केलं आणि तो त्याच्यावर आडवा झाला. पंच गुडघ्यांवर बसला. त्याने एक मोजला आणि कॅप्टनकडे पाहिलं. दोन मोजला आणि वाकून त्याच्या कानात काहीतरी म्हणाला. कॅप्टनने डोळे मिटलेलेच ठेवले. तीन.

मी नंतर कॅप्टनला विचारलं. तो खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. "खुर्चीने मारलं तर मी उठतो," तो म्हणाला. "पर्समधल्या विटेनंतरही उठलोय. पण ती वस्तू सगळ्यांनी पाहिली. त्याला केस होते. त्यानंतर माणूस उठला तर कोण विश्वास ठेवेल?" पिशवी जरा सरकवत तो म्हणाला, "शिवाय त्या टेनेसीवाल्या मुलीला वड्या येत नाहीत."

आत प्रमोटर लालभडक होऊन उभा होता. टेनेसीची मुलगी उंच टाचांवर त्याच्या शेजारी उभी होती. काकू नारळ पोटाशी धरून भिंतीला टेकल्या होत्या, एकदा प्रमोटर कपाटाला टेकला होता तशा. त्याने बोलायला तोंड उघडलं. बाहेर लोक दारावर मुठी मारत होते. महाराणीला बाहेर काढा, असं तीन-चारशे माणसं एका तालात ओरडत होती. प्रमोटर तसाच, तोंड उघडं ठेवून, ते ऐकत राहिला.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला, "दोन आणा."

टेनेसीच्या मुलीला त्याने कॅप्टनची मॅनेजर केलं. काकूंनीच तिला टाच आपटायला शिकवली.

मी तशीच ऑफिसला गेले आणि संपादकांना सांगितलं की आज एक निकाल छापावा लागेल. ते नको म्हणाले. मी म्हणाले, हा आधी ठरलेला नव्हता.

"कोणाला माहीत नव्हतं?"

"कोणालाच नाही. प्रमोटरला नाही, पंचाला नाही."

"जिंकला त्याला?"

"त्याला तर अजून नीट कळलेलं नाही."

संपादकांनी पेन्सिल कानामागून काढली आणि बोलिंगच्या खाली दोन ओळींची जागा दिली. विजेता, पराभूत, वेळ सात मिनिटं चाळीस सेकंद. काकूंनी ते वाचलं आणि वेळ सात मिनिटं बत्तीस सेकंद होती म्हणून माझ्याशी वाद घातला. काकांची 'सत्यनारायण' टेप लावून पाहिली, तर त्यांचंच बरोबर निघालं. सोमवारी आम्ही दुरुस्ती छापली.

अध्यक्षांचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. ते काकूंशी बोलत नव्हते. रविवारी मंडळाची बैठक होती. काकू शाल धुऊन, इस्त्री करून घेऊन गेल्या, आणि त्याच नारळाच्या वड्यांचा डबा. शाल त्यांनी अध्यक्षांच्या खांद्यावर घातली आणि वाकून नमस्कार केला.

"मोजडीचं मनावर घेऊ नका, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "सत्कार घेईन ना, खरंच थकले की घेईन. पण तोवर मला इथेच राहायचंय. आयसेलिनला मी कोणाला ओळखते?"

अध्यक्षांनी एक वडी घेतली.

मग काकूंनी चाळीसजणांना उभं केलं आणि तालीम घेतली. टाळ्या वाजवताना हात आपोआप जुळतात, म्हणून त्यांनी सगळ्यांना हात मागे बांधायला लावले. बू घशातून म्हणायचं नाही, पोटातून म्हणायचं. चेहऱ्यावर आपुलकी दिसता कामा नये. पहिल्या खेपेला आरतीच्या शेवटासारखा आवाज आला. दुसऱ्या खेपेला निळ्या व्हॅनवाल्या बाई एकट्याच फार मनापासून ओरडल्या. काकूंनी मान हलवली. जमत नव्हतं.

तेव्हा अध्यक्ष पुढे आले. खांद्यावर शाल, तोंडात अर्धी वडी. त्यांनी ती गिळली, काकूंकडे पाहिलं, हात मागे बांधले आणि तळघराचे दिवे हलतील असं "बू" म्हणाले. आधी दोन शब्द न बोलता.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. घरापासून चार मैलांवर होतो आम्ही. दार लावलेलं आहे याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि मग हसल्या.